बदलीचे तास

९ मे

मुंगी, आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. पहिले चार दिवस मी ते वाचत होतो, पुढचे चार दिवस पेन शोधत होतो आणि उरलेले दहा दिवस मला भीती वाटत होती. कोणतं विद्यापीठ घ्यावं, असं सातवी शिकलेल्या माणसाला विचारू नये. जेवण जात नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकतो.

दोन्हीकडे तुझं नाव लागलं हे वाचून आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. एकाच ठिकाणी लागलं असतं तर काळजीही एकच असती. मोठ्या विद्यापीठाची फी वाचून मला वाटलं, तू घाईत एक शून्य जास्त लिहिलंस. तुझा बाप मागच्या रविवारी येऊन गेला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "शून्य बरोबर आहे. चष्म्याचं दुकान गहाण टाकलं की झालं." मी म्हटलं, "आणि मग चष्मे कुठे विकशील?" तर म्हणाला, "तुम्हाला काळजी करायची सवय आहे, अण्णा. तुम्ही चहा घ्या." मी चहा घेतला.

दुसरं ते लहान कॉलेज, जिथे बहिऱ्या मुलांना कसं शिकवायचं ते शिकवतात, ते तुला मनापासून हवं आहे हे तू लिहिलं नाहीस, पण त्या कॉलेजबद्दल दोन पानं आहेत आणि मोठ्या विद्यापीठाबद्दल चार ओळी. शंभर तास समाजसेवा केली तर निम्मी फी माफ, हेही वाचलं. त्यावरून सांगतो. तुझं सेवेचं कार्ड माझ्याकडेच राहिलं आहे. सुट्टीत इथे राहून आमच्या गल्लीच्या टोकाच्या वृद्धाश्रमात जात होतीस, त्याचं. विजेच्या बिलांच्या चिमट्यात तू ते अडकवून गेलीस. अडतीस तास भरले आहेत, बासष्ट बाकी आहेत. शेवटची तारीख पाच जुलै, असं खाली बारीक अक्षरात छापलं आहे. बारीक अक्षर मी नेहमी आधी वाचतो.

माझं मत विचारलंस. मला मत नाही. पण दुकान गहाण पडू नये.

आजोबा

१४ मे

आजोबा, नमस्कार.

मत नाही म्हणत म्हणत तुम्ही ते शेवटच्या ओळीत दिलंत. मी लहान कॉलेज घेतलं. बाबांना काल सांगितलं. ते म्हणाले, "मोठ्या विद्यापीठाचं नाव असलं की जन्मभर दारं उघडतात." आई म्हणाली, "तुमच्या दुकानाचं दार मात्र बंद होईल." मग संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पण तुझे ते तास पुरे होतील ना? नक्की? कारण मोठ्या ठिकाणची जागा वीस तारखेला सोडली की सोडली."

मी म्हटलं, नक्की. परीक्षा सहा जूनला संपते. सातला मी तुमच्याकडे. दिवसाला चारपेक्षा जास्त तास धरत नाहीत, तरी सोळा दिवसांत होतात. कार्ड पाठवू नका, टपालात हरवेल. तिथेच चिमट्यात राहू द्या. त्याला हात लावू नका.

मुंगी

ता.क. जेवत जा.

२३ मे

मुंगी, आशीर्वाद.

जागा सोडलीस हे कळलं. बरं केलंस. मला मात्र त्या दिवसापासून हातापायांत मुंग्या येतात.

कार्ड सुरक्षित आहे. दोन्ही बाजूंनी पुन्हा वाचलं. अडचणीचं काही लिहिलेलं दिसलं नाही.

इकडे सगळं ठीक. आठवड्यातले तीन-चार दिवस सकाळी जरा बाहेर जातो, तेवढेच पाय मोकळे होतात. जेवतो आहे. जेवण चांगलं असतं, मीठ कमी. तुझ्या बापाला सांग की सकाळी दहा ते बारा मी घरी नसतो, तेव्हा येऊन कडी वाजवत बसू नकोस. शेजारची बाई बाहेर येते आणि मग तिला सगळं सांगावं लागतं.

परीक्षेत वेळेकडे लक्ष ठेव.

आजोबा

४ जून

आजोबा,

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. परीक्षा पुढे गेली. पेपर छापणाऱ्यांकडे काहीतरी गोंधळ झाला म्हणे, चार पेपर पुन्हा. आता शेवटचा पेपर तीस जूनला. तीसनंतर पाच दिवस उरतात. पाच चोक वीस. मला बासष्ट हवेत.

रोज इथून तुमच्याकडे येऊन-जाऊन बसचे सहा तास, त्यात अभ्यास होणार नाही. कॉलेजला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "तारीख ती तारीख. आणि ज्या संस्थेत सुरू केलंत तिथेच पूर्ण करायचं." मोठ्या ठिकाणची जागा गेली आहेच. बाबा चष्म्याच्या काचा पुसत बसतात. पुसलेल्याच.

निम्म्या फीशिवाय मला हे कॉलेज परवडत नाही. म्हणजे यंदा कुठेच नाही. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं, कारण आता तुम्ही जेवणार नाही.

मुंगी

८ जून

मुंगी, आशीर्वाद.

जेवलो. तू अभ्यास कर.

कार्डाचं मी बघतो. आश्रमाच्या मेट्रनबाई चांगल्या आहेत. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. आता दोनाऐवजी चार तास बाहेर असतो, म्हणून पत्र छोटं.

आजोबा

१५ जून

आजोबा, नमस्कार.

मेट्रनबाईंच्या हातापाया पडू नका. त्या बिचाऱ्या काय करणार, तारीख त्यांनी नाही ठरवली. तुम्ही चार चार तास त्यांच्या ऑफिसबाहेर बसून राहता की काय, या विचाराने मला कसंतरी होतं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पेन्शनच्या ऑफिसात तुम्ही असंच बसला होतात आणि शेवटी त्यांनी तुम्हाला खुर्ची भेट दिली.

पेपर बरे चालले आहेत. आमच्याकडे या, नाहीतर घरी बसा. विनवण्या करू नका.

मुंगी

२४ जून

मुंगी, आशीर्वाद.

सोबत कार्ड रजिस्टर टपालाने पाठवत आहे. शंभर तास भरले. शेवटची सही काल घेतली. शिक्का जरा तिरका पडला आहे, पण वाचता येतो. आता निवांत पेपर दे.

तुला वाटलं मी विनवण्या करतो आहे, म्हणून सगळं नीट सांगतो. मी इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढली. तिथे प्रत्येकाचं हजेरीचं कार्ड होतं आणि बदलीची पद्धत होती. कोणी आजारी पडला की त्याच्या घरचं माणूस पाळी भरायचं. तुझ्या आजीच्या भावाला विषमज्वर झाला तेव्हा त्याच्या अकरा पाळ्या मी केल्या. तास त्याच्या कार्डावर चढले, पगार त्याच्या घरी गेला. मुकादमाला माहीत होतं. तो म्हणायचा, "चादर धुतली गेली ना? मग झालं." कोणी धुतली ते चादरीला कळत नाही. तुझ्या परीक्षेपायी तुझी पाळी बुडत होती. घरचं माणूस मोकळं होतं. म्हणून अकरा मेला मी कार्ड घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी थोडा घोटाळा झाला. दारातल्या माणसाला म्हटलं, "सेवेसाठी आलोय." त्याने मला आत नेऊन रक्तदाब मोजला, वजन केलं आणि खिडकीजवळची खाट दाखवली. म्हणाला, "सामान मागून येतंय का?" मला वाटलं, सेवेला येणाऱ्यांची अशीच तपासणी होत असेल. जेवणही वाढलं. जेवण झाल्यावर मेट्रनबाई आल्या, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी विचारलं, "तास कोणाच्या नावावर?" मी म्हटलं, "नातीच्या. कार्ड तिचंच आहे." त्या म्हणाल्या, "मला माणसं कमी आहेत, आजोबा. चादरींच्या घड्या येतात का?" हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारला.

तुझ्या अडतीस तासांतल्या घड्या मी कपाटात पाहिल्या. काही बोलत नाही. पुन्हा घालून ठेवल्या.

तिथे एक मास्तर आहेत, भूगोलाचे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण मला "अहो मुला" म्हणतात, कारण सेवेला मुलंच येतात अशी त्यांची समजूत आहे. त्यांचे हात थरथरतात, म्हणून दर बुधवारी त्यांची दाढी मी करतो. त्यांना माझं काम पसंत नाही. पहिल्या बुधवारी म्हणाले, "डावा गाल राहिला." मी म्हटलं, "राहिला नाही, तुमची मान तिकडे वळली." ते म्हणाले, "मान माझी, गाल माझा, तुम्ही फक्त वस्तरा." गेल्या आठवड्यात मला दहा मिनिटं उशीर झाला तर तोंडाला साबण लावून बसले होते. साबण वाळला होता.

असे बासष्ट तास. कामात खोट नाही, कोणालाही विचार. कार्ड मिळाल्याचं कळव.

आजोबा

२८ जून

आजोबा,

कार्ड मिळालं. वाचून मी आधी हसले, मग आईला दाखवलं, मग बाबांना. बाबा म्हणाले, "देऊन टाक. कोण विचारतंय?" आणि मग स्वतःच म्हणाले, "नको."

आजोबा, ही पाळी नव्हती. कॉलेजला चादरींच्या घड्या नको आहेत. मी शंभर तास कोणाच्या तरी उपयोगी पडले का, एवढंच त्यांना हवं आहे. मी अडतीस तास पडले, तेही तुमच्या मते वाईट घड्या घालून. बासष्ट तास मी इथे खोलीत बसून पुस्तकं वाचत होते. त्या कार्डावर सही करून मी बहिऱ्या मुलांसमोर उभी राहू शकत नाही. ती मुलं चेहऱ्यावरचं वाचतात.

कार्ड मी आजच कॉलेजला पाठवलं. सोबत चिठ्ठी जोडली: पहिले अडतीस माझे, पुढचे बासष्ट माझ्या आजोबांचे, त्यांची समजूत अशी अशी होती, लबाडी नव्हती. काय व्हायचं ते होईल.

रागावू नका. अजून एक पेपर आहे.

मुंगी

६ जुलै

मुंगी, आशीर्वाद.

रागावलो नाही. मी तुझं वाटोळं केलं एवढंच.

एकतीस वर्षं मी ज्याला मदत म्हणत आलो त्याला तुझ्या कॉलेजात काय म्हणतात ते मला कळलं. मी शिकलो असतो तर आधीच कळलं असतं. मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं की माझ्या तासांमुळे मुलीचं नुकसान झालं. त्या म्हणाल्या, "तास खरे आहेत, आजोबा. नाव चुकलं." मी म्हटलं, "नाव चुकलं म्हणजे सगळंच चुकलं."

तुझ्या बापाला विचार, दुकान अजून गहाण पडू शकतं का. माझी खोलीही आहे. लहान आहे, पण कोपऱ्यावरची आहे.

आता घरीच असतो. बुधवारी तेवढा जातो.

आजोबा

३१ जुलै

आजोबा, नमस्कार.

खोली विकू नका. कोपऱ्यावरची असली तरी.

काल कॉलेजने बोलावलं होतं. लांब टेबल, पलीकडे प्राचार्या बाई, त्यांच्यासमोर तुमचं कार्ड. माझं कार्ड. आपलं कार्ड. त्यांनी विचारलं, "आजोबांचं वय?" मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. "आश्रमात पगारी आहेत?" नाही. "तुम्ही सांगितलं होतं त्यांना?" मी सांगितलं होतं, कार्डाला हात लावू नका. त्यांनी कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मुलांचे तास आईबाप भरून देतात. आम्हाला कळतं. कळवणारी तू पहिली." मग बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. मला पाणी हवं होतं आणि ते त्यांच्या बाजूला होतं.

निकाल असा. बासष्ट तास धरले जाणार नाहीत. जागा राहील. पहिल्या सहामाहीची फी पूर्ण भरायची. डिसेंबरअखेर मी स्वतः, त्याच आश्रमात, बासष्ट तास पुरे केले तर पुढे निम्मी माफ. नाही केले तर नाही. बाबांनी फी भरली. दुकानाला नवी पाटी लावायची होती, ती लावणार नाहीत. म्हणाले, "जुनी वाचता येते. ज्याला येत नाही त्याला चष्मा लागतो, तो आत येईलच."

म्हणून मी दर शनिवारी पहिल्या बसने तुमच्याकडे येते. पंधरा शनिवार चार चार तास, सोळाव्याला दोन. सुरुवात येत्या चौदा ऑगस्टला. घड्या तुम्ही शिकवायच्या, पण हात माझे. तुम्ही एकाही चादरीला शिवायचं नाही. खुर्चीत बसून बोलायला हरकत नाही. मी विचारून घेतलं आहे, बोलणं चालतं.

आणि एक. मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या की बारा जूनला तुम्ही जिन्यावर घसरलात. तुमच्या कुठल्याच पत्रात ते नाही. बुधवारीच जाता असंही तुम्ही लिहिलंत. त्या म्हणाल्या, रोज येतात.

मुंगी

७ ऑगस्ट

मुंगी, आशीर्वाद.

घसरलो नाही, बसलो. जिना ओला होता आणि मी अचानक बसलो. रोज जातो हे खरं. लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता कशाला, कार्ड तर गेलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा भीतीने, दुसऱ्यांदा कुठे काही बारीक अक्षरात आहे का ते बघायला, तिसऱ्यांदा तसंच. सोळा शनिवार लिहून ठेवले आहेत. बस उशिरा आली तर काय, याची काळजी आत्तापासून लागली आहे. शनिवारी चादरीला शिवणार नाही. मेट्रनबाईंनी माझ्यासाठी खुर्ची काढून ठेवली आहे. पेन्शनवाल्यांची घरी आहेच, ही दुसरी.

आता माझी अडचण सांगतो. तुझ्या कॉलेजातून आश्रमाला पत्र आलं आहे. बासष्ट तास ज्याने केले त्याच्या नावाने नोंद हवी, आणि पुढेही कोणी सेवेला येणार असेल तर त्याचं स्वतःचं कार्ड हवं, त्याशिवाय वर सोडू नये. सोबत कोरं कार्ड आणि फॉर्म पाठवला आहे. माझ्या नावाचा. मुलांना देतात तोच, त्यांच्याकडे दुसरा नाही.

नाव लिहिलं. वय लिहिलं. चौऱ्याहत्तर लिहायला दोन चौकोन होते, ते पुरले. "इयत्ता" असं आहे, तिथे सातवी लिहिलं. "सेवेमागचा हेतू, पन्नास शब्दांत" यासाठी अर्धं पान आहे. आधी "नात" लिहिलं. मग वाटलं, ते आता तुझं तू करणार, म्हणून खोडलं. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा, डावा गाल." मी तेच लिहिलं. अठ्ठेचाळीस शब्द कमी पडतात, पण खोटं नाही.

सगळ्यात खाली पालकाची सही आहे. तिथे घोडं अडलं. माझे आईवडील जाऊन चाळीस वर्षं झाली. मेट्रनबाई म्हणाल्या, घरातल्या कोणाही जबाबदार माणसाची चालेल, पण सही हवीच. तुझ्या बापाला सांगितलं असतं, पण तो आधी सगळं वाचेल आणि मग म्हणेल, अण्णा, तुम्ही चहा घ्या. बारीक अक्षरात छापलं आहे की पालक अठरा वर्षांचा असावा. तुला गेल्या महिन्यात अठरा पुरी झाली, मी दोनदा मोजून पाहिलं.

म्हणून फॉर्म सोबत पाठवत आहे. जिथे फुली केली आहे तिथे सही कर. मी वेळेवर येईन, सांगितलेलं ऐकेन, संस्थेच्या वस्तू मोडणार नाही, असं वर छापलं आहे, त्याची हमी तुला द्यावी लागेल. विचार करून दे.

शनिवारी तू येशीलच, पण मास्तरांची दाढी बुधवारी असते, आणि सहीशिवाय मला वर सोडणार नाहीत. ते साबण लावून बसतील. तरी हे पत्र मिळताच, उलट टपाली, बुधवारच्या आत कळव.

आजोबा